दोन खुणा

फहाहीलमध्ये धूळ उठली त्या गुरुवारी
शाळेला सुट्टी मिळाली, आणि
शाल्मलीच्या पुस्तकात पहिला खून झाला.

मी खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबत होते.
ती सोफ्यावर पाय दुमडून म्हणाली,
"तूही वाच ना, आई. अट एकच.
खुनी आधी कळला तर सांगायचं नाही."

प्रत एक, खुणा दोन.
तिची निळी रिबीन,
माझी जमैयाची पावती: लबान, खुबूस, कांदे दोन किलो.
ती वाचायची रात्री, पांघरुणात, मोबाइलच्या उजेडात.
मी दुपारी, कुकरच्या शिट्ट्या मोजत.
तिसऱ्या शिट्टीला दगडी जिन्यावरून
कुणाचा तरी पाय घसरायचा.

काय ते घर! चाळीस खोल्या, एक दालन कायमचं बंद,
आणि तीनशे पानं नुसता पाऊस.
इथे मार्चपासून थेंब नाही,
तरी पान उलटण्याआधी
मी बोटं गाऊनला पुसत होते.

सोळा वर्षांची पोर मेणबत्ती घेऊन
एकटीच निघते त्या दालनाकडे.
"अगं, जाऊ नकोस," मी मोठ्याने म्हणाले,
ओट्यापाशी, कुणी नसताना.

आमच्याकडे मेणबत्त्या फक्त वाढदिवसाच्या.
पण खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते,
धुळीत तांबडी, हलणारी,
दिवा घेऊन कुणी वाट बघत उभं असावं तशी.
तिच्याखाली कुठेतरी हिचे बाबा,
शटडाउनची रात्रपाळी, अजून अकरा दिवस.

तर, त्या घराचा धाकटा वारस.
फिकट, अबोल, हातमोजे न काढणारा.
साठाव्या पानावरच मी ठरवलं, हाच.
असली मुलं मला कळतात.

शाल्मलीने त्याच्या वाक्यांखाली
पेन्सिलीने बारीक रेघा ओढलेल्या.
एका जागी रेघ थरथरली होती.
तिथे त्याने हातमोजा काढला होता, इतकंच.
त्या पानापाशी मी बराच वेळ थांबले.
भात लागला.

बोलले काहीच नाही. अट होती.
फक्त जेवताना म्हणाले,
"माणूस गप्प असला म्हणजे खोल असतोच असं नाही हं."
"चटणी दे," ती म्हणाली.

तिच्या टेबलाच्या खणाची दुसरी किल्ली
माझ्या जुडग्यात असते.
कधी वापरली नाही.
एकदाच.

पुस्तक संपलं रविवारी, साडेतीनला.
खून त्याने केलेच नव्हते.
केले होते त्या बाईने, जी कमरेला किल्ल्या लावून
घरभर फिरायची, सूप गरम करून आणायची,
पोरीच्या केसांतून हात फिरवायची.
तिन्ही खून पोरीच्या भल्यासाठी.
तिला तसं खरंच वाटत होतं, हे सगळ्यात वाईट.

मी मागे गेले, पानं चाळत.
अठ्ठ्याऐंशीवर त्या बाईचं पहिलं वाक्य:
"खिडकी लाव, बाळ. गारठा आत येतोय."
शेजारी पेन्सिलीची बारीक फुली.
त्या पानावरून मी गेले होते तेव्हा
फुली मला दिसली कशी नाही?
रिबीन तर आठवडाभर शेवटच्या पानात पडून होती.
आठवडाभर ही मला चटणी मागत होती,
मी सांगेन तेव्हा खिडकी लावत होती.

ती आली तेव्हा भुवयांवर धूळ.
"संपलं?"
"संपलं."
"तुला कोण वाटला होता?"
"तो."
"बिचारा," म्हणाली आणि खूप हसली.

मी जुडग्यातून ती छोटी किल्ली काढत होते.
कडी घट्ट. नख तुटलं.
"दे इकडे," म्हणाली,
आणि कोणती ते
विचारलं नाही.